पर्यायात नसलेला खड्डा

आमच्या नांदेडच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराच्या वर, भिंतीला एक भेग आहे. केसाएवढी बारीक, वीतभर लांब. घराला रंग द्यायची वेळ आली की आई त्या भिंतीखाली स्टूल टाकून बसते आणि रंगाऱ्याला सांगते, "तेवढी सोडून लाव." पहिल्या रंगाऱ्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. त्यानं पुट्टी भरायची पट्टी पुढे केली, तर आईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीची एक आडवी रेघ आहे आणि शेजारी आईच्या टपोऱ्या अक्षरात तारीख. दर दिवाळीला ती स्टुलावर चढते, भेग वाढली का बघते आणि नवी तारीख टाकते. मला हा म्हातारपणीचा हट्ट वाटायचा. आल्यागेल्याची लाज वाटून मी त्यावर कॅलेंडर टांगलं, तर आईनं ते काढून फ्रिजला चिकटवलं. त्यावरून आमचा दोन दिवस अबोला होता. तिला कारण विचारावं, असं मात्र मला तेव्हा सुचलं नाही.

माझं काम समुद्राच्या तळाशी चालतं. नांदेडात बसून समुद्र, म्हणून नातेवाइकांनी माझी भरपूर थट्टा केली आहे. एका मावसभावानं तर गोदावरीच्या घाटावर उभं राहून विचारलं होतं, "इथून दिसतो का गं तुझा समुद्र?" खरं सांगायचं तर मी समुद्र पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याचा तळ पाहायला लागून मला सहा वर्षं झाली होती. ऑफिसची सहल कोकणात गेली होती. सगळे पाण्यात शिरले आणि मी काठावर उभी राहून खाली वाळू कशी असेल याचा अंदाज बांधत होते. कुणीतरी माझा फोटो काढला. त्यात मी फार चिडलेली दिसते.

तर काम असं. परदेशात भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या करतात. तळात जाड लोखंडी नळकांडं ठोकायचं, त्यावर मनोरा, त्यावर पाती. वरच्या वाऱ्यापासून वीज मिळते, तिथवर सगळं छान. पण खाली पाण्याला ओढ असते. ते पाणी नळकांड्याला अडतं, त्याच्याभोवती घुमतं आणि वाळू उपसून नेतं. बुडाशी खड्डा पडतो. तो पडू नये म्हणून भोवती दगड टाकतात, आणि दगड, वाळू सगळं जागेवर आहे का ते दरवर्षी तपासतात. एक जहाज शेत नांगरल्यासारखं त्या भागात येरझाऱ्या घालतं, खाली आवाज सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतं. असे लाखो ठिपके आमच्याकडे येतात. त्यांतले पुष्कळ खोटे असतात. कधी माशांची झुंड मध्ये येते, कधी बुडबुडे, कधी लाटेनं जहाज कलतं. खोटे ठिपके पुसायचे, उरलेल्यांचा नकाशा करायचा, तो गेल्या वर्षीच्या नकाशाशी ताडून पाहायचा. बदल नसेल तिथं हिरवा रंग, खचलं असेल तिथं तांबडा, साचलं असेल तिथं निळा. आमच्या ऑफिसात सगळे दिवसभर हेच करतात, पुसतात. कोणी काय पुसलं ते तपासणं हे माझं काम होतं, आणि त्यात माझा हात कोणी धरणार नाही अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती म्हणा.

हा हात लातूरला तयार झाला. भूकंपानंतर तिसऱ्या वर्षी वडिलांनी मला अकरावीला लातूरला ठेवलं. तेव्हा तिथं क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लीत ज्याच्याकडे रिकामी खोली, त्यानं तिथं मुली नाहीतर मुलं ठेवलेली. आमच्या खोलीत चौघी होतो. भिंतीला सूत्रं चिकटवलेली, खिडकीत चौघींच्या डब्यांची चळत, आणि पाण्याची बादली कोणी भरायची यावरून रोजचं भांडण. निलंग्याच्या एसटीतून घरचा डबा आठवड्याला एकदा यायचा. त्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर आमचं राजकारण चालायचं.

फिजिक्सचे सर फार चांगले शिकवायचे. ते फळ्यावर एक चौकट आखायचे, तिच्यात चार पर्याय लिहायचे आणि म्हणायचे, "जग ह्या चौकटीत हाय. तुमचं उत्तर हिच्यात नसंल तर जग चुकलेलं न्हाई, तुम्ही चुकलाव. खोडा आन् पुढं चला." एकदा परीक्षेत माझं उत्तर अडीच आलं. पर्याय होते दोन, चार, सहा, आठ. मी तीनदा गणित सोडवलं, तीनदा अडीच. चौथ्या वेळी मी एका पायरीवर जाणूनबुजून चूक केली, दोन आणलं आणि गोल काळा केला. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं की छापण्यात चूक झाली होती, खरं उत्तर अडीचच. ज्यांनी अडीच काढून प्रश्न सोडून दिला होता, ते खूश झाले. सर म्हणाले, "खूश कशाला होता? मार्क तर गेला, तालिकेत दोनच हाय. हिनं बघा, जवळचं धरलं." माझं नाव घेऊन त्यांनी मला उभं केलं आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी त्या टाळ्या कधी विसरले नाही. मेडिकलला काही नंबर लागला नाही, पण सिव्हिल इंजिनिअरिंग झालं आणि फिरत फिरत हे पुसण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला वाटलं, यासाठीच तर मी तयार झालेय.

ऑफिसात मी भिंतीवर मोठ्या अक्षरात एक कागद लावला होता: शंका आली तर गेल्या वर्षीचा नकाशा बघा. गेल्या वर्षीचा नकाशा ही आमची उत्तरतालिका. त्याच्याशी न जुळणारा ठिपका बहुतेक वेळा खोटाच निघायचा. बहुतेक वेळा, हे मी कागदावर लिहिलं नव्हतं.

आमच्याकडे एक काका होते. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, पुलांवर नोकरी काढलेली. पेन्शन येत होती, पण घरी बसून सुनेच्या हाताखाली भाजी निवडण्यापेक्षा हे बरं, म्हणून आलेले. माऊस धरायला शिकायला त्यांना महिना लागला. वयानं ते मला वडिलांच्या जागी, पण मला "मॅडम" म्हणायचे आणि मी त्यांना "काका". त्यांचा वेग इतका कमी होता की मी त्यांच्यावर मनातल्या मनात सतत वैतागलेली असे, आणि कधी कधी मनाबाहेरही.

त्या वर्षी पावसाळ्यात एका मनोऱ्याचे ठिपके काकांकडे होते. दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, जरा येता का? दोन घंट्यापासून बघून राहिलो. खांबाच्या बुडाशी खड्डा हाय."

मी जाऊन पाहिलं. दगड संपतात त्या कडेला ठिपके खाली घसरलेले होते. गेल्या वर्षी तिथं सपाट. त्याच्या आदल्या वर्षीही सपाट. खड्डा इतका खोल की एका वर्षात किती बदल खरा धरायचा याच्या आमच्या मर्यादेत कुठंच बसेना.

"काका, मासे असतील."

"मासळी तळाच्या वर ऱ्हाईल. खाली कशी जाईल? जमिनीत?"

"मग आवाज दगडांवर आपटून उशिरा परत आला असेल. तसं होतं. गेल्या दोन वर्षांत काही नाही आणि एकदम एवढा खड्डा? शक्य आहे का?"

"पाण्याचं काय सांगता, मॅडम. गोदावरीला पूर आला की पुलाच्या खांबाला खड्डा पडतोच. आम्ही पोरं हुतो तवा खांबाजवळ पोहू देत नव्हते. नोकरीत मी सोता दोरीला वजन बांधून सोडलंय. दोरी संपती, पण तळ लागत न्हाई."

मी त्यांना भिंतीवरचा कागद दाखवला. नुसतं बोट दाखवलं, वाचूनही दाखवला नाही. मग त्यांच्या खुर्चीत बसून मी स्वतः ते ठिपके निवडले आणि पुसले. मनोऱ्याभोवती सगळं हिरवंगार झालं. काका म्हणाले, "बरं," आणि चहा प्यायला गेले. मला त्यांचं ते 'बरं' आवडलं नव्हतं, पण अहवाल त्या दिवशी जायचा होता आणि तो गेला.

आठवड्यानं पवनचक्क्यांच्या कंपनीतल्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याशी माझं दर गुरुवारी बोलणं व्हायचं. माझ्यापेक्षा थोड्या लहान असतील. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर त्यांच्या मुलीनं काढलेलं जहाजाचं चित्र होतं, त्यात जहाजाला चार पाय होते. मी एकदा हसून विचारलं होतं, तेव्हा त्यांनी सांगितलं की असं जहाज खरंच असतं. ते मनोऱ्याजवळ जातं, चार लांब लोखंडी पाय तळाला टेकवतं आणि स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेतं, म्हणजे लाटांनी न हलता वरची दुरुस्ती करता येते. त्या दिवशी त्या म्हणाल्या की ते जहाज पुढच्या आठवड्यात त्याच मनोऱ्याशी जाणार आहे. एक पाय दगडांच्या कडेला टेकवायचा आहे. तिथला तळ कसा आहे?

"सपाट," मी म्हणाले. "गेली तीन वर्षं काही बदल नाही."

"छान. मी स्वतःच जाणार आहे या वेळी. मुलीला फोटो हवेत," त्या म्हणाल्या.

मी शेजारच्या टेबलावरच्या काकांना ते कौतुकानं सांगितलं. पायांचं जहाज म्हटल्यावर त्यांना मजा वाटेल असं मला वाटलं होतं. काकांनी विचारलं, "कोणता खांब?" मी नंबर सांगितला. ते उठले, त्यांनी कच्चे, न पुसलेले ठिपके पुन्हा उघडले आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहिले. त्यानंतरचे चार दिवस आपलं काम संपलं की ते तेच उघडायचे. मी पाहिलं आणि दुर्लक्ष केलं.

बुधवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. या वेळी खुर्चीतून उठले नाहीत.

"बसा," ते म्हणाले. "ही ओळ सोमवारची. जहाज इकडून तिकडं चाललंय. ही ओळ शुक्रवारची, तिकडून इकडं. पाणी वेगळं, लाट वेगळी, दिशा उलटी. आन् खड्डा बघा."

खड्डा दोन्ही ओळींत होता. त्याच जागी, त्याच आकाराचा, तेवढाच खोल. खोटा ठिपका असा वागत नाही. खोटा ठिपका आज इथं तर उद्या तिथं. दोन वेगळ्या दिवशी, दोन उलट्या बाजूंनी जे एकाच जागी दिसतं, ते तिथं असतं. हे मी स्वतः नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवते.

काका काहीतरी बोलत होते आणि मला त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. मला त्या पडद्यावर खड्डा दिसत नव्हताच. मला एक भिंत दिसत होती आणि तिच्या भेगेत घातलेलं एक बोट.

ते बोट अक्काचं होतं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, आमच्याकडे कर्नाटकाच्या बाजूला ताईला अक्काच म्हणतात. आमचं गाव निलंग्याच्या अलीकडे. भूकंपाच्या आधी वर्षभर तिथली जमीन अधूनमधून थरथरायची. फडताळातली भांडी वाजायची, कुत्री ओरडायची. सुरुवातीला सगळे अंगणात झोपायचे, मग हळूहळू सवय झाली. घरं सगळी दगडमातीची, भिंती हातभर रुंद, वर मातीचं जड माळवद. त्या थरथरीनं भिंतींना भेगा पडायच्या आणि बायका त्या बुजवायच्या. महालक्ष्म्या बसायच्या आधी आमच्याकडे घर पांढऱ्या मातीनं पोतारतात. भेगा असलेल्या भिंतीपुढे लक्ष्म्या बसवायच्या म्हणजे बायकांत नाव निघणार. त्या वर्षी आईनं आतल्या खोलीची भिंत मला दिली. मी बारा वर्षांची होते आणि मोठ्या माणसाचं काम मिळालं म्हणून फुगून गेले होते.

अक्का त्याच भिंतीला टेकून अभ्यास करायची. दहावीत होती, पुढच्या वर्षी लातूरला जाणार हे ठरलेलं होतं. तिनं मला हाक मारली आणि भेगेत बोट घालून दाखवलं. "बघ, पार पेरापर्यंत जायलंय." मी म्हणाले, "काढ बोट, मला बुजवायचीय." भुसा कालवलेला चिखल मी तिथं अंगठ्यानं दाबला, वरून पांढरी माती फिरवली. इतकं गुळगुळीत झालं की भेग कुठं होती ते सांगता येईना. आई येऊन बघून गेली आणि म्हणाली, "हात चांगला बसला तुझा."

लक्ष्म्या झाल्या, गणपती शिरवले, आणि त्याच रात्री, पहाटेच्या भूकंपात ती भिंत आत पडली. अक्का तिच्याकडे डोकं करून झोपली होती. मी दाराजवळ होते, म्हणून मी हे लिहिते आहे. गावातल्या साऱ्याच भिंती पडल्या, ती एकटी नाही. दगडमातीची भिंत कशी पडते हे मी पुढे इंजिनिअरिंगला आकृतीसकट शिकले. पण ती भेग उघडी राहिली असती तर वडिलांना ती रोज दिसली असती आणि त्यांनी अक्काला तिथं झोपू दिलं नसतं, हे कोणत्याही पुस्तकात नाही आणि मला ते कायम ठाऊक होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. लातूरला गेले ती अक्काच्या जागेवर गेले, तिची कंपासपेटी घेऊन.

"मॅडम," काका म्हणत होते. "त्या बाईला कळवा."

त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी अहवालाची दुरुस्त प्रत तयार केली, खड्डा परत घातला आणि ई-मेलमध्ये लिहिलं की काही किरकोळ सुधारणांसह नवी प्रत जोडत आहोत, कृपया जुनीऐवजी ही वापरावी. किरकोळ हा शब्द मी विचार करून निवडला होता. मग मी काकांना सांगितलं, "पाठवलं."

काकांनी ते वाचायला मागितलं. इंग्रजी त्यांना सावकाश वाचता यायचं. दोनदा वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, मी पुलावर असताना एकदा रात्रभर पाणी चढलं. सकाळी दोरी सोडली तर खांबाखालून रेती गेलेली. मी तहसिलात चिठ्ठी पाठवली, पूल बंद करा म्हणून. शिपाई चिठ्ठी घेऊन गेला आन् इकडून देगलूरची एसटी आली. चिठ्ठीनं एसटी थांबत न्हाई. मी रस्त्यावर आडवा झालो. डायवरनं लई शिव्या दिल्या."

"मग?"

"मग काही न्हाई. पूल पडलाच न्हाई. वर्षभर लोक मला हसले." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "पण एसटीत माणसं हुती ना, मॅडम. तवा फोन लावा."

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्यांच्या ऑफिसात कोणीतरी उचलला आणि सांगितलं की त्या जहाजावर गेल्या, हवामान चांगलं मिळालं म्हणून जहाज एक दिवस आधीच निघालं. मी जहाजाचा नंबर मागितला. तो द्यायची पद्धत नाही, निरोप ठेवा, असं उत्तर आलं. माझं इंग्रजी मोजकं आहे, कामापुरतं. त्या दिवशी मी ओरडले, आणि कशी कोण जाणे पण बरोबर वाक्यं निघाली: मी चूक केली आहे, तिथं जमीन नाही, पाय खाली सोडू नका. ऑफिसातले सगळे पुसायचे थांबून माझ्याकडे बघत होते. पलीकडचा माणूस म्हणाला, थांबा. त्यानं मला तसंच फोनवर ठेवून दुसरा फोन फिरवला.

मी किती वेळ तो फोन कानाला लावून उभी होते ते मला सांगता येणार नाही. काकांनी माझ्यामागे खुर्ची सरकवली होती, पण मला बसावंसं वाटलं नाही. खाली क्लासेस सुटले होते आणि पोरं सायकली काढताना हसत होती. मला त्या हसण्याचा विलक्षण राग आला.

मग बाईंचा आवाज आला. जहाजावरून बोलत होत्या, मागे यंत्राची घरघर. "पाय अर्धे खाली गेलेत," त्या म्हणाल्या. "थांबवलंय. नक्की सांग, काय दिसलं तुला?"

मी म्हणाले, "मला पहिल्यांदाच दिसलं होतं. मी पुसलं."

त्या "ठीक आहे" म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तळाशी सोडलेल्या कॅमेऱ्याचं एक चित्र आलं. गढूळ हिरवं पाणी, दगडांची कड, आणि कडेच्या पुढे काही नाही. नुसता काळोख. खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती: पाय इथं टेकवणार होतो. माझ्या मनात सगळ्यात आधी त्यांच्या मुलीनं काढलेलं चित्र आलं, चार पायांचं. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. वाचले सगळे, असं मी स्वतःला आरशासमोर मोठ्यानं सांगितलं.

त्याच ई-मेलमध्ये पुढे एक साधी मागणी होती. एवढा खड्डा एका वर्षात पडणं अवघड वाटतं, तर मागच्या दोन वर्षांचे कच्चे ठिपके, न पुसलेले, पाठवाल का?

मी ते उघडले. गेल्या वर्षीच्या ठिपक्यांत खड्डा होता. लहान, पण तिथंच. त्याच्या आदल्या वर्षीही होता, अगदी उथळ, परात ठेवल्यासारखा. दोन्ही वर्षी तो पुसलेला होता. कोणी पुसलं याची नोंद शेजारच्या रकान्यात आपोआप होते. तिथं दोन्ही वेळा माझं नाव होतं.

मला आठवतही नव्हतं. दिवसाला हजारो ठिपके पुसणाऱ्याला कुठलं आठवणार? पहिल्या वर्षी बांधल्या वेळच्या नकाशाशी जुळेना म्हणून पुसला असेल. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या नकाशाशी जुळेना म्हणून. ज्या उत्तरतालिकेकडे बोट दाखवून मी काकांना गप्प केलं, ती मीच लिहिली होती. मी काकांना ते दाखवलं. ते रकाना वाचून माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी जा आज, मॅडम."

मी दुपारीच घरी आले. आई स्वयंपाकघरात सुपात तूर निवडत बसली होती. अवेळी आलेली बघून तिनं तोंड वर केलं आणि विचारलं, "काय झालं?" मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पवनचक्की, जहाज, ठिपके, बाई. तिला यातलं किती कळेल असं मला वाटलं होतं.

"म्हणजे खड्डा दिसला आन् तू बुजवला," आई म्हणाली.

"पुसला."

"तेच की. तीन बारी."

मी हो म्हणाले. आई तूर निवडत राहिली. मग माझ्या तोंडून ते निघून गेलं, इतकी वर्षं आत ठेवलेलं. "आई, आतल्या खोलीतली भेग मी बुजवली होती. अक्काच्या डोक्याकडची. तिनं बोट घालून दाखवली होती मला."

"ठाऊक हाय."

"तिनं सांगितलं होतं का तुला?"

"कुणी कशाला सांगावं?" आईनं सूप खाली ठेवलं. "तुझ्याआधी दोनदा ती मीच बुजवली हुती. आखाडात एकदा, पंचमीला एकदा. दर बारीला माती जास्त लागायली. मला कळायलं हुतं जास्त लागायली. तुझ्या बापाला सांगितलं असतं तर त्यांनी घर खाली केलं असतं, आन् लक्ष्म्या कुठं बसवायच्या, हे माझ्या डोक्यात. तिसऱ्या बारीला माझा हात धजला न्हाई. म्हणून तुला दिली ती भिंत."

तीस वर्षं मी जे माझं एकटीचं समजत होते, ते ती माझ्याआधीपासून घेऊन बसली होती, माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात. दाराच्या वर ती केसाएवढी भेग होती, तिची पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख.

दिवाळीला अजून दोन महिने होते. मी उठून ड्रॉवरमधली पेन्सिल आईच्या हातात दिली आणि तिला वर चढता यावं म्हणून स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.